नकाशाच्या कार्डाला लावलेलं कुंकू

गाडी सर्व्हिसिंगला न्यायची असली की नवरा दारात उभा राहून एकच प्रश्न विचारायचा, "कार्ड काढलंस ना?" मी पर्सवर थाप मारून दाखवायची. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. आपण काही लपवतोय असं वाटणंही हळूहळू बंद झालं होतं.

कार्ड म्हणजे नखाएवढं, गाडीच्या स्क्रीनखालच्या खाचेत बसणारं, नकाशाचं. कंपनीने गाडीबरोबर दिलेलं कार्ड असीरगढचा घाट, इंदूरचा रस्ता सगळं व्यवस्थित दाखवायचं. पण माझं काम त्या रस्त्यांवर नाही. मी सरकारी शाळांना भेटी देत फिरते. डोईफोडिया गावापासून आत, जंगलाच्या कडेने जे पाडे आहेत तिथल्या एक-दोन खोल्यांच्या शाळा माझ्याकडे आहेत. कंपनीच्या नकाशात तिथे नुसता हिरवा रंग होता. आणि मोबाइलचं नेटवर्क डोईफोडिया मागे पडलं की जातंच.

या कामाच्या पहिल्याच वर्षी मी त्या हिरव्या रंगात हरवले होते. कापसाच्या शेतांमधून एक गाडीवाट धरली, ती सागाच्या झाडीत शिरली आणि संपली. दोन तास मी गाडी मागेपुढे करत राहिले. ऊन उतरायला लागलं तसं तोंडचं पाणी पळालं. शेवटी बकऱ्या घेऊन परतणाऱ्या एका बाईने वाट दाखवली. तेव्हापासून मला त्या भागाची जी भीती बसली ती बसलीच. कुणाला सांगितली मात्र नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. ऑफिसात माझी ख्याती 'कुणाच्या बापाला न भिणारी बाई' अशी आहे आणि ती मला आवडते, खोटं कशाला बोलू.

आमच्या शहरातल्या सिंधीपुऱ्यातल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने मला दुसरं कार्ड भरून दिलं. नकाशा कुठून उतरवला देव जाणे, पण त्यात पाड्यांपर्यंतच्या वाटा होत्या, ओढे होते, आणि माझ्या प्रत्येक शाळेवर त्याने एकेक ठिपका टाकून दिला होता. देताना आमच्या बाजारात चालते त्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, शोरूम में मत दिखाना." ते मलाही ठाऊक होतं. गाडी घेतानाच बजावलं होतं, बाहेरचं कार्ड सापडलं तर स्क्रीनची वॉरंटी संपली. म्हणून सर्व्हिसिंगच्या दिवशी कंपनीचं कार्ड खाचेत आणि आमचं पर्समध्ये.

त्या वर्षी खंडेनवमीला मी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, पूजेला बसले. माझे वडील कागद कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला ते आपले पाने, पकडी, कानशी वर्तमानपत्रावर मांडायचे आणि आम्हा बहिणींना कुंकू लावायला बसवायचे. त्यांची एकच शिस्त होती. कुंकू हत्याराच्या तोंडाला लावायचं, मुठीला नाही. काम तोंड करतं, मूठ नुसती धरायला असते, असं त्यांचं म्हणणं. चुकून मुठीला लागलं तर पुसायला लावायचे आणि पुन्हा लावून घ्यायचे. आता ते नाहीत, पण खंडेनवमीला माझे हात अजून त्यांच्याच पद्धतीने चालतात.

बॉनेटला, स्टिअरिंगला, चाकांना कुंकू लावून झालं आणि मनात आलं, माझं खरं हत्यार तर ते कार्ड. खाचेतून काढलं. पाठीवर लावणारच होते, तेवढ्यात वडील आठवले. कार्ड उलटं केलं आणि खालच्या सोनेरी पट्ट्यांवर पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट टेकवलं. नमस्कार केला. आणि ते तसंच ओलं परत खाचेत सरकवलं.

माणूस शिकतो-सवरतो, एम.ए. होतो, दुसऱ्यांच्या शाळा तपासतो, आणि हे असं करतो.

चार दिवसांनी स्क्रीन मधूनच काळी व्हायला लागली. काळी व्हायची, पुन्हा उजळायची. कुंकवाचा विचार माझ्या डोक्यात आला नाही, अगदी शपथेवर सांगते. सर्व्हिसिंगची तारीख जवळ आली होती. त्या सकाळी नेहमीसारखं कार्ड काढलं, न बघताच रुमालात गुंडाळलं, कंपनीचं आत घातलं आणि गाडी शोरूमला नेऊन दिली. गाडी ताब्यात घेणाऱ्या मेकॅनिकने कुठे कुठे फिरता विचारलं, तेव्हा डोईफोडियाच्या आतल्या शाळांवर जाते म्हणाले; बिघाड मात्र एसीची हवा कमी येते एवढाच सांगितला. स्क्रीनबद्दल बोलले नाही. स्क्रीनचा विषय निघाला की कार्डाचा निघणार, ही धाकधूक होतीच.

दुपारी गाडी घ्यायला गेले तर धुऊन-पुसून उभी. चावी फिरवली. स्क्रीन मेलेली होती. बटण दाबलं, पुन्हा दाबलं, काही नाही.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, त्या दिवशी तो तिथेही थांबला नाही. भर शोरूममध्ये, नवीन गाड्या बघायला आलेल्या लोकांसमोर, मी मॅनेजरला धारेवर धरलं. "सुबह तक चालू थी! आपके आदमी ने एसी के लिए सब खोला और सत्यानाश कर दिया!" सकाळपर्यंत चालू होती हे अर्धंच खरं होतं. पण रागात अर्धं खरं पूर्ण वाटतं.

मॅनेजर तिशीतला, शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड. त्याने मला काचेच्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि ज्याने सकाळी माझी गाडी घेऊन उघडली होती त्या मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक पन्नाशीचा होता, केस अर्धे पिकलेले, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. स्क्रीन काढून आण, मॅनेजर म्हणाला. त्याने ती काढून आणली आणि माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवली. मग छोटी टॉर्च दातांत धरून वाकला आणि कार्डाच्या खाचेत बघायला लागला.

बराच वेळ बघत राहिला. टॉर्च हातात घेतली आणि म्हणाला, "अंदर कुछ लाल है साब. जमा हुआ है. उसी से जला है."

 त्या एका क्षणात सगळं समोर आलं, वर्तमानपत्र, वडील, सोनेरी पट्ट्या, माझं बोट. पर्स माझ्या मांडीवर होती. ती मी दोन्ही हातांनी धरली.

मॅनेजर वाकून बघायला लागला आणि मग त्याने मेकॅनिककडे पाहिलं. "गुटखा खाता है ना तू?"

"छोड़ दिया साब. चार साल हो गए."

"टॉर्च मुँह में पकड़ के काम करता है. टपका होगा."

"साब, चार साल से हाथ नहीं लगाया. घर पे पूछ लो."

मॅनेजरने हात झटकला. मेकॅनिक माझ्याकडे वळला. माझ्या चेहऱ्याकडे बघता बघता त्याची नजर क्षणभर वर, माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे गेली, आणि लगेच खाली आली. मी मराठी बोलते हे त्याने सकाळी गाडी घेतानाच ओळखलं होतं. हळू आवाजात, मराठीत त्याने विचारलं, "ताई, हिच्यात दुसरं एखांदं कार्ड टाकलं होतं का कधी?"

"नाही," मी म्हणाले.

इतकं चटकन म्हणाले की माझं मलाच ऐकू यायच्या आधी ते निघून गेलं होतं. वाटलं, आता तो वाद घालेल, खोदून विचारेल. मग मला चिडता आलं असतं. त्याने नुसती मान हलवली, "बरं," म्हणाला, आणि हात मागे बांधून उभा राहिला.

मॅनेजर माझ्याकडे वळून हसला. "मॅडम, आप टेन्शन मत लीजिए. वॉरंटी में नई लग जाएगी. और इसका दो महीने में ये दूसरा केस है, इसको आज ही हटाता हूँ." त्याने ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला आणि पेनसकट मेकॅनिकपुढे सरकवला. "लिख. मेरी गलती है."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. मनात काय काय चाललं होतं ते आज लिहायलाही लाज वाटते. कार्ड दाखवलं तर स्क्रीन गेली. स्क्रीन गेली तर मी पुन्हा त्या झाडीत, एकटी, दिशाहीन. वर इतक्या लोकांसमोर केलेली आगपाखड परत गिळायची. दुसऱ्या बाजूला एक अनोळखी माणूस होता, आणि त्याला दुसरीकडे कुठे तरी काम मिळेलच, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. तुटक्या चष्म्याच्या, पन्नाशीच्या माणसाला ते 'कुठे तरी' नेमकं कुठे, हे मात्र मी स्वतःला विचारत नव्हते.

मेकॅनिकने हात पॅन्टला पुसले, पुन्हा पुसले, कागदाला डाग लागू नये म्हणून. मग वाकून लिहायला लागला. मी समोर बसले होते, मला ते उलटं दिसत होतं. मुलांच्या वह्या उलट्या बाजूने वाचायची मला सवय आहे; पोरं लिहीत असतात आणि मी बाकाच्या पुढे उभी असते. तो एकेक अक्षर गिरवल्यासारखं काढत होता. रेघ न चुकवता, काना सरळ, वेलांटी पूर्ण. 'मेरी' लिहून झालं. थांबला, चष्मा वर सरकवला, 'गल' लिहिलं आणि वर बघून मॅनेजरला विचारलं, "साब, आज की तारीख भी डालनी है?"

"थांबा," मी म्हणाले.

पर्स उघडली. रुमाल काढला. पांढऱ्या रुमालाला आतून लाल डाग पडला होता. कार्ड काढून टेबलावर, त्याच्या कागदाशेजारी ठेवलं, सोनेरी बाजू वर करून. पट्ट्यांच्या फटींत कुंकू वाळून बसलेलं होतं.

"हे माझं आहे. बाहेरचं आहे. खंडेनवमीला मीच कुंकू लावलं आणि मीच आत घातलं. स्क्रीन इथे आणायच्या आधीपासूनच बिघडली होती. यांचा काही संबंध नाही." हिंदीत बोलायचं असतं हेही विसरले होते. मग तेच सगळं पुन्हा हिंदीत सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जास्त जड गेलं.

मॅनेजरचा गोडवा काही कमी झाला नाही, याचीच मला चीड आली. "कोई बात नहीं मॅडम, हो जाता है. लेकिन वॉरंटी तो फिर नहीं मिलेगी." कागद चुरगाळून त्याने टोपलीत टाकला आणि मेकॅनिकला म्हणाला, "जा, मॅडम की गाड़ी बाहर लगा." माफी नाही, काही नाही. पण मॅनेजरवर रागवायचा हक्क मला कुठे होता? आरोप आधी मीच केला होता.

फाटकाशी मेकॅनिकने गाडी उभी केली आणि चावी माझ्या हातात दिली. मी म्हणाले, "दादा, चुकलं माझं. माफ करा."

"होते ताई असं."

"तुम्हाला कळलं होतं ना? खाचेत बघितलं तेव्हाच?"

"लाल दिसलं तवाच. आमच्या घरीबी लावतात ना. पान्याच्या तोंडालेच लावतात."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्ही नाही म्हटलं ना," तो म्हणाला. "शाळेतल्या बाई नाही म्हणतात, अन् मी हो म्हणू? मग कोणाचं खरं धरतील, तुमीच सांगा."

 मी गाडीत बसले. स्क्रीनच्या जागी चौकोनी भोक होतं आणि आतल्या वायरी दिसत होत्या. गाडी सुरू केली. तो खिडकीशी वाकला.

"सकाळी म्हणत होत्या तुम्ही, डोईफोडियाच्या आतल्या शाळांवर जाता म्हणून. मी तिकडचाच. बिना नकाशाचा रस्ता येतो ना तुमले?"

येतो, असं म्हणायला तोंड उघडलं होतं.

"नाही येत," मी म्हणाले. "आणि मला तिकडे फार भीती वाटते."