शेळी कुठल्या रकान्यात

नातीच्या शाळेच्या पुस्तकात सगळ्या जिवांचे पाच गट पाडलेत. ती मोठ्यानं वाचत होती, मी ऐकत होतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारक्या जिवांचे दोन, मग झाडं, मग प्राणी. आणि उकिरड्यावर उगवते ती कुत्र्याची छत्री, तिचा सुद्धा वेगळा गट! मी तिला जन्मभर झाडांतच धरत होतो. चौथी नापास माणूस, धरणारच. पण हे गट पाडणारा भला माणूस असावा. त्यानं कुणालाच बाहेर ठेवलं न्हाई.

आमच्या गावच्या शेतकरी सोसायटीचं तसं नव्हतं. दुष्काळात तिनं गेवराईच्या रस्त्याला चारा छावणी उघडली. तिथं सगळ्या सृष्टीचे गट दोनच: मोठं जनावर आणि लहान जनावर. बैल, गाय, म्हैस मोठं. वासरू लहान. मोठ्याला उसाच्या वाड्याचा पुरा भारा, लहानाला निम्मा. कागदावर दोन रकाने, तिथं जग संपलं.

आमी दोन बैल आणि बायकोची गाभण शेळी घेऊन गेलतो. बैल चटकन मोठ्यात बसले. शेळीपाशी कारकुनाचा पेन अडला.

"मावशी, शेळी न्हाई घेता येत. कागदात न्हाई."

"कावून? जनावर न्हाई का ती?"

"हाय. पण छावणीतलं न्हाई."

"मग झाड हाय म्हणून लिवा. हितंच रोवून जाते. सांज-सकाळ पाणी तेवढं घाला."

रांगेतली माणसं हसली. कारकून हसला न्हाई, हसायचा रकाना नसावा. मागून एक जण ओरडला, "लहानात धर की बे, वासराएवढीच हाय!"

"आणि साहेब तपासायला आले, वासराला दाढी कुठून आली म्हणाले, तर तू सांगशील का?"

मला भ्या वाटलं. ह्या वादात बैल बी बाहेर काढतील. सगळ्यांदेखत मी बायकोवर खेकसलो, "गप बस! जमत न्हाई तर इकून टाक शेळी. बैलांच्या बरोबरीची हाय का ती?"

म्हणजे गट पाडायला मला बी लगेच आलं. त्याला शाळा लागत न्हाई.

तिनं दावं धरलं आणि शेळी घेऊन गावाकडं चालती झाली. जनावरापाशी घरचं माणूस पाहिजे, असा छावणीचा नियम होता. त्यामुळं उन्हाळाभर मी बैलांत राहिलो, ती शेळीपाशी. कुणाच्या तरी हाती भाकऱ्या यायच्या. निरोप कधीच आला न्हाई.

छावणी उठली तेव्हा मी घरी आलो. बैल चांगले गुटगुटीत. बायकोच्या गळ्याची हाडं वर आलेली, हातांवर काट्यांचे ओरखाडे. बाभळीच्या शेंगा वेचून तिनं शेळी जगवली होती. दारात शेळी उभी, पोटाशी दोन करडं लुचत होती.

"आलात? या," बायको म्हणाली. "बैलांना बी चहा टाकू का? मोठी माणसं ती."

शेळीची धार काढून तिनं चहा केला. पुढ्यात कप ठेवला. चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. शब्द पार दातांपर्यंत आला, आणि मी म्हणालो, "चहा लई चांगला झालाय."

ती "हं" म्हणाली आणि चुलीकडं वळली. त्यातलं तिला किती कळलं, ते पुढं इतकी वर्षं एका घरात राहून मी विचारलं न्हाई. आता विचारावं वाटतंय, तर ती न्हाई.