चौदावी ओळ

माझ्या आत्याला घरात सगळे घड्याळआत्या म्हणतात. तिला ते आवडत नाही, म्हणूनच म्हणतात. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, निवृत्त झाली, आणि तिसऱ्याच महिन्यात एका बालमानसोपचार केंद्रात चिकटली. काम काय, तर उपचार करणाऱ्या बाई बंद खोलीत मुलांशी नेमकं काय करतात ते चित्रीकरणात बघायचं आणि तक्त्यात मांडायचं. आईवडिलांची संमती असायची. तक्त्यात बेचाळीस ओळी: शाबासकी दिली, खेळायला घेतलं, पालकांना समजावलं. जे केलं त्यासमोर खूण. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही.

"म्हणजे दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं," मी म्हटलं. "आणि त्याचा पगार?"

"तू फुकट करतेस, म्हणून तुला नवल," आत्या म्हणाली.

घरातही तिचं तेच. जेवताना बाबा मला बोलले की ही शांतपणे म्हणायची, "टोमणे तीन. प्रश्न शून्य." बाबा तिचे थोरले भाऊ, पण ताटावरून उठायची सोय नव्हती, तेही मोजलं असतं.

आता तिची चोरी सांगते. एक तास म्हणजे पन्नास मिनिटं. आत्या चित्रीकरण दुप्पट वेगानं पळवायची आणि पंचवीस मिनिटांत मोकळी व्हायची. तेच चित्रीकरण दुसरा तपासनीस वेगळं बघायचा, मग दोघांचे तक्ते ताडून पाहायचे. ते सत्त्याण्णव टक्के जुळायचे. केंद्रात कोण वाहवा! जुळणार नाहीत तर काय, पळवायची युक्ती त्याला आत्यानंच शिकवली होती.

मुलांची नावं तिला कळत नसत, नुसते आकडे. एकवीस नंबरची मुलगी सात वर्षांची, घराबाहेर चकार शब्द न काढणारी. तिच्या बाई तिच्यासमोर नुसत्या बसून असायच्या. चार तास, चार कोरे तक्ते. केंद्राचा नियम असा की चार कोरे आले की तो तास रांगेतल्या दुसऱ्या मुलाला जातो. शनिवारच्या बैठकीत ते ठरणार होतं.

गुरुवारी आत्याकडे त्यातलंच एक चित्रीकरण परत आलं. दर दहावं पुन्हा बघायचं असतं, आपलं आपल्याशी जुळतं का ते पाहायला. त्या दिवशी माऊस बिघडला होता आणि वेग काही केल्या वाढेना. आत्या चरफडत साध्या वेगानं बघत बसली.

अकराव्या मिनिटाला मुलीनं टेबलावर पेन्सिल दोनदा वाजवली. बराच वेळ काहीच नाही. मग बाईंनी बोटानं दोनदा वाजवलं. मुलीनं तीनदा. बाई थांबल्या, तीनदा. दुप्पट वेगात ही नुसती खडखड वाटायची, म्हणून कुणी बोलत नसलं की आत्या आवाजच बंद ठेवायची; आज तो चालू होता. चौदावी ओळ होती, 'मुलाच्या पुढाकाराला प्रतिसाद'. आत्यानं मोजलं. एकतीस वेळा.

जुना कोरा तक्ता उतरवून काढला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. उलट मेळ शंभर टक्के भरला असता. शुक्रवारी सकाळी ती चहा न घेता निघाली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"अशी किती पळवलीत?" आत्यानं सगळं कबूल केल्यावर केंद्रप्रमुखांनी विचारलं.

"एकशे सव्वीस."

त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. एकवीस नंबरचा तास वाचला. आत्याला काढलं नाही. सगळी एकशे सव्वीस पुन्हा बघायची, साध्या वेगानं, एवढीच शिक्षा.

"सुटलीस की स्वस्तात!" मी हसले.

"सहा मुलांचे तास आधीच बंद झालेत," ती म्हणाली. "माझ्या कोऱ्या तक्त्यांवरून."

तिनं त्या सहापासून सुरुवात केली आहे. आतापर्यंत दोघांच्या तक्त्यात चौदावी ओळ भरली. एकाला परत बोलावलं. दुसऱ्याच्या घरचे गाव सोडून गेलेत, फोन लागत नाही.

काल जेवताना बाबा मला दोनदा टाकून बोलले, तिनं मोजलं नाही. मला तिचा रागही आला होता आणि कीवही. मी टेबलावर बोटानं दोनदा वाजवलं. तिनं मान वर केली नाही. ताटं उचलायची होती, तरी मी तशीच बसून राहिले.