बिनबॅटरीचा भोंपू

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. मी काशीत दुर्गाघाटावर वाढले. वडील भिक्षुकी करतात, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. कुणाचं दहावं, कुणाचं तेरावं हे आमच्याकडे सकाळचा चहा पिता पिता ठरतं. अशा घरात भुताखेतांचं कौतुक कोण करणार? या ग्रुपवर लोक पांढऱ्या साडीतल्या बाया आणि आपोआप उघडणारी दारं लिहितात, ते वाचून मी आजवर हसतच आले. आता स्वतःच लिहायला बसलेय... तर हसा खुशाल. फक्त एक विनंती — वाचून झाल्यावर खाली हात जोडलेली चित्रं टाकू नका. का, ते पुढे कळेल.

माझं मराठी बनारसी आहे. घराबाहेर ते कुठे बोलायला मिळतं? मधेमधे हिंदी येईल, तेवढं चालवून घ्या.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय आणि रस्त्याच्या एका ठेकेदाराकडे सेफ्टी सुपरवायझर आहे. म्हणजे होते. गोष्ट गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातली. रामनगरच्या पुढे हायवे रुंद करायचं काम चालू होतं. एक लेन बंद करून तिच्यात रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीचं खोदकाम, आणि शेजारच्या लेनमधून ट्रक, पिकअप, बस सगळं सुसाट. सात-आठ मजूर वाकून काम करत असायचे आणि त्यांच्या पाठीला वारा लागेल इतक्या जवळून गाड्या जायच्या. माझं काम एकच होतं. एखादी गाडी बंद लेनमध्ये घुसली, तर या माणसांना ते वेळेवर कळलं पाहिजे.

त्यासाठी रस्त्यावर नारिंगी ब्लिंकर लावलेले होते, सोलरवर चालणारे. आता गंमत बघा. दिवे लागतात धुक्यात. धुकं असलं की ऊन नसतं, आणि चार दिवस ऊन नसलं की हे दिवे चार्ज होत नाहीत. ज्या दिवशी गरज, नेमके त्याच दिवशी मेलेले. हे मी लिहून दिलं होतं, दोनदा. वरून उत्तर आलं की फोटोत दिवे दिसतायत, अडचण काय आहे?

म्हणून खरी भिस्त सायरनवर. मजूर त्याला भोंपू म्हणत. मोरीजवळ लोखंडी खांब, त्याच्यावर भोंपू, खाली कुलपाच्या पेटीत बॅटरी. तिथून एक लांब वायर शंभर पावलं पुढे रामसूरतकडे जायची. रामसूरत हा आमचा झेंडेवाला — पन्नाशी उलटलेला, मिशा पांढऱ्या, डोक्याला कायम मफलर. एका हातात लाल झेंडा, दुसऱ्या हातात त्या वायरीचं बटण. गाडी घुसताना दिसली की बटण दाबायचं, भोंपू वाजला की मजुरांनी कडेच्या नाल्यात उडी मारायची. एवढं सोपं काम.

डिसेंबरातल्या एका सकाळी साइटवर गेले. नऊ वाजत आले होते, पण कोहरा इतका की वीस पावलांपुढचं दिसत नव्हतं. पेटी उघडली तर आत बॅटरी नाही. दोन वायरींची टोकं नुसती लोंबत होती. मिश्राजींना, म्हणजे साइट मॅनेजरला, फोन लावला. ते म्हणाले, "अरे मैडम, टैंकर स्टार्ट नहीं हो रहा था, उसमें लगा दी. आज फोटो खींच लीजिए, दूसरी मंगा देंगे."

माझं डोकं फिरलं. काम थांबवायचा अधिकार कागदावर मला होता, आणि मी तेव्हाच ते थांबवायला हवं होतं. पण मी ठरवलं, आधी रिकाम्या पेटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकते, यांची जिरवते, मग माणसं बाहेर काढते. डावा हात खांबावर, उजव्या हातात फोन. फोटो काढला.

आणि भोंपू वाजला.

चुकून कुठला हॉर्न ऐकला असेल म्हणाल, तर नाही. ट्रकचा हॉर्न मी दिवसातून हजारदा ऐकते. हा आवाज खालून वर चढला आणि चढतच गेला. माझ्या डाव्या तळहाताखाली तो खांब थरथरत होता, आणि डोळ्यांसमोर ती रिकामी पेटी, उघडी. मजुरांनी सवयीने नाल्यात उड्या टाकल्या. मीही टाकली. पुढच्या क्षणी विटांनी भरलेला ट्रक धुक्यातून आला, लेन अडवायला ठेवलेले प्लास्टिकचे कोन उडवत, काँक्रीटचा मिक्सर चिरडत, जिथे माणसं वाकून उभी होती तिथून पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरून रडायला लागला. म्हणत होता, कुछ दिखा ही नहीं.

रामसूरत धावत आला तो पांढराफटक. त्यालाही आवाज ऐकून बाजूला होता आलं होतं. मी म्हटलं, बरं झालं बटण दाबलंत. तो म्हणाला, "हम नहीं दबाए मैडम. हमको तो ट्रक दिखा ही नहीं."

म्हणजे बॅटरी नाही, आणि बटणही दाबलेलं नाही.

मी सोडणाऱ्यातली नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून तो सायरन खाली उतरवला, उघडला, पुन्हा जोडला. आसपास विजेची लाइन आहे का, वायर कुठे दुसरीकडे लागलीय का, सगळं पाहिलं. तो शेवटी वैतागून म्हणाला, "मैडम, बिना करंट के पंखा नहीं घूमता, ये कैसे घूमेगा?" फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. रिकामी पेटी, दोन वायरी, खाली वेळ. ट्रक आला तेव्हाचीच वेळ.

दुसऱ्या दिवशी भोंपूला शेंदूर लागला होता. झेंडूची माळ, खाली उदबत्ती, पेटीवर लाल कापड. नाव पडलं भोंपू बाबा. पुढाकार रामसूरतचा. साहजिक आहे, जीव वाचलेला माणूस. मला म्हणाला, आप तो घाट के पंडित की बेटी हैं, नारियल आप फोड़िए. आणि मी फोडला, मंडळी. घरून गंगाजल नेलं होतं, तेही शिंपडलं. माझाही जीव वाचला होता. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते गहिवरतील. ते सुपारी कातरत होते. विचारलं, "मग बॅटरी बसवली का?"

मी म्हटलं, "अण्णा, मी काय सांगतेय आणि तुम्ही काय विचारताय? बॅटरीशिवाय वाजला तो."

"ऐकलं मी. नीले, देवीपुढच्या नंदादीपात रोज तेल मी घालतो. चाळीस वर्षं घालतोय. एक दिवस तिने आपणहून घातलं नाही."

"तुम्ही भिक्षुक असून असं बोलता."

"भिक्षुक आहे म्हणूनच बोलतो. शेंदूर लावला की माणसाला वाटतं, आपलं काम झालं." एवढं बोलून ते सुपारी तोंडात टाकून उठले. मला राग आला, जेवताना बोललेही नाही त्यांच्याशी.

साइटवर मिश्राजींना तर पडत्या फळाची आज्ञाच मिळाली. आधी थट्टा होती. "मैडम, जब बिना बैटरी के बजता है तो बैटरी काहे को?" सगळे हसले, मीही हसले. मग मागणीचा कागद त्यांच्या टेबलावर पडून राहायला लागला. मी आठवण केली की भोंपूकडे बघून कपाळाला हात लावायचे, आणि विषय संपायचा.

तरी बॅटरी आली. हो, आली. जानेवारी लागल्यावर. दोषाचं सगळं गाठोडं मिश्राजींच्या डोक्यावर ठेवून मला मोकळं होता आलं असतं, पण ते खरं नाही. इलेक्ट्रिशियन बॅटरी घेऊन खांबाशी आला, आणि मजूर आडवे उभे राहिले. पेटी उघडायची तर लाल कापड काढावं लागणार. रामसूरत हात जोडून म्हणाला, "इसमें तार मत लगाइए मैडम. बाबा रूठ जाएँगे. जो अपने मन से रखवाली करे, उसको मशीन समझेंगे?"

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. ओरडून, धमकावून, वेळ पडली तर काम बंद पाडून ती बॅटरी आत ठेवायची होती, दहा मिनिटांचं काम. पण मी त्या भोंपूकडे पाहिलं आणि मला तो खांब हाताखाली थरथरलेला आठवला. मनात आलं — खरंच रुसला तर? डिप्लोमा झालेली मी, लोकांच्या अनुभवांना हसणारी मी. म्हटलं, राहू दे. बॅटरी टँकरला गेली. त्या दिवसापासून रोजच्या तपासणीच्या कागदावर 'सायरन चालू' या ओळीपुढे मी बरोबरची खूण करत राहिले, स्वतःच्या हाताने.

नऊ-दहा दिवस गेले. पुन्हा तसाच कोहरा, तशीच सकाळ. मी ऑफिसच्या कंटेनरमध्ये होते. मोरीजवळचे मजूर चहा आला म्हणून नाल्यापलीकडे जाऊन बसले होते. शंभर पावलांवरच्या रामसूरतला ते कुठून दिसणार? त्याच्या हिशेबाने माणसं अजून रस्त्यातच वाकलेली होती.

पिकअप आली. या वेळी रामसूरतला ती दिसली. हे मला मागून येणाऱ्या सायकलवाल्याने सांगितलं, रस्त्याकडेने जाणारा दूधवाला होता तो. म्हणाला, तो माणूस सहज बाजूला होऊ शकला असता, वेळ होता. पण तो तिथेच उभा राहून हातातलं काहीतरी दाबत होता, पुन्हा पुन्हा दाबत होता, आणि मान वळवून मागे बघत होता. भोंपू वाजायची वाट बघत होता.

वाजला नाही.

मी पोचले तेव्हा बटण त्याच्या मुठीतच होतं. ज्यांना वाचवायला तो उभा राहिला ते सगळे चहाचे कुल्हड हातात धरून नाल्यापलीकडे उभे होते.

त्यानंतर आठवड्याभरात बॅटऱ्या आल्या. एक नाही, तीन. ब्लिंकरसुद्धा नवे, वायरीवर चालणारे. वरातीमागून घोडं. कंपनीच्या रिपोर्टात लिहिलं, झेंडेवाला चुकीच्या जागी उभा होता. मजूर म्हणाले, बाबा रुसले, कारण त्यांच्यापुढे बॅटरी आणली. म्हणजे तिथेही दोष त्या बॅटरीचाच. मला हसावं की रडावं कळेना. मी माझा जबाब लिहून दिला — बॅटरी नव्हती, मला माहीत होतं, खूण मीच करत होते. मिश्राजी म्हणाले, मैडम, अपने पाँव पर कुल्हाड़ी काहे मार रही हैं. नोकरी गेली. तिचं मला काही वाटत नाही.

रामसूरतच्या तेराव्यानंतर मी त्याच्या घरी गेले. अण्णा म्हणाले होते, जाऊन ये, आणि काय झालं ते सरळ सांग, गोल गोल बोलू नकोस. रामसूरतची बायको ओट्यावर बसली होती. तिला पहिल्या दिवसाची सगळी गोष्ट माहीत होती. त्याने घरी येऊन दहादा सांगितली असणार, बाबाची उदबत्ती तीच तर घेऊन द्यायची. ती रडत नव्हती. तिने मला बसायला खाट दिली आणि विचारलं, "मैडम, ओ दिन सबके बेर बजल. हमरे आदमी के बेर काहे नाहीं बजल?" सगळ्यांच्या वेळी वाजला, मग माझ्या माणसाच्या वेळी का नाही?

मी ठरवून गेले होते, तेच सांगितलं. "उसमें बैटरी नहीं थी. लगवाना मेरा काम था. मैंने नहीं लगवाई."

तिने मान हलवली. समजल्यासारखी. मग म्हणाली, "बैटरी त ओहू दिन ना रहल."

खरंच नव्हती. त्या दिवशीही नव्हती, फोटो आहे माझ्याकडे. माझ्या जबाबातला शब्द न् शब्द खरा आहे, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. तिने पाणी आणून दिलं, मी ते प्यायले आणि निघाले. तिला काय सांगायचं, ते मला आजही माहीत नाही.