पेपर आधी सोडवून पाहणारी बाई

झुलीखा बेन्नासरने गेल्मा गावातल्या आपल्या घराला कुलूप लावले तेव्हा मे महिन्याची चार तारीख होती, आणि खरे सांगायचे तर ती मनातून खूश होती. शेजारीण बर्काहूमकडे किल्ली देताना ती म्हणाली, "नातेवाइकांकडे चाललेय. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात येईन." पेपर काढायला चाललेय हे कुणाला सांगायचे नसते.

बर्काहूमने किल्ली हातात घेतली आणि विचारले, "तुला नातेवाईक आहेत?"

विचारण्यात खोच नव्हती, म्हणूनच ते जास्त लागले.

झुलीखा अठ्ठावन्न वर्षांची होती. तेहतीस वर्षे तिने मुलांना गणित शिकवले. स्वतःला मूलबाळ झाले नाही. नवरा, सालह, चार वर्षांपूर्वी गेला. दोघांपुरता कुसकुसचा रवा भिजवायची हाताची सवय मोडायला तिला वर्ष लागले. एकटीने जेवायची सवय मात्र लागलीच नाही. रेडिओ लावून ती जेवायची आणि बातम्या देणाऱ्याचे बोलणे संपायच्या आत ताट उचलायची.

बकालोरियाचा, म्हणजे शाळेच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेचा, गणिताचा पेपर करणाऱ्या गटात तिचे नाव आल्याचे पत्र आले, तेव्हा मुख्याध्यापकांनी तिला हळूच सांगितले होते, "डॉक्टरांचा दाखला हवा असेल तर माझ्या ओळखीचा एक जण आहे." सगळे तसेच करत. सहा आठवडे कोंडून घ्यायची कुणाला हौस असते? झुलीखाने मात्र ती सहा आठवड्यांची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. सहा आठवडे जेवायला समोर माणसे असतील, एवढेच तिला त्यात दिसले.

इमारत राजधानीबाहेर एका टेकडीवर होती. खिडक्यांच्या काचांना बाहेरून पांढरा रंग फासलेला होता. फोन दारातच काढून घेतले. आत आलेली कुठलीही वस्तू परीक्षा संपेपर्यंत बाहेर जात नव्हती. कचरासुद्धा मागच्या अंगणात पोत्यांत भरून ठेवायचा. पेपर काढणारे, छापणारे, डॉक्टर, शिपाई, स्वयंपाकीण, सगळे आतच. कुणाच्या घरी मयत झाली तर दोन पोलिसांबरोबर जायचे, माती द्यायची आणि त्याच गाडीने परत यायचे. दारात एक फॉर्म भरून घेतला. 'काही झाल्यास कुणाला कळवावे?' या रकान्यात झुलीखाने बर्काहूमचे नाव लिहिले, आणि 'नाते' या रकान्यात बराच विचार करून 'शेजार' असे लिहिले.

गणिताच्या गटाचे प्रमुख अल्लावा नावाचे शिक्षण निरीक्षक होते; सगळे त्यांना मानाने सी अल्लावा म्हणत. पोट सुटलेले, बोलायला मोकळे गृहस्थ. त्यांनी तिला बसवून, शिक्षिकेला हाक मारायच्या रीतीने, सांगितले, "उस्तादा, तुम्ही पेपर काढायचा नाही. तुम्ही तो सोडवायचा."

"म्हणजे?"

"चौघे जण काढतील. पाचव्याने परीक्षेला बसलेल्या मुलासारखं बसून सोडवायचा. कुठे अडलं, कुठली ओळ दोनदा वाचावी लागली, वेळ किती लागला, सगळं लिहून द्यायचं. तुम्ही 'मजकूर स्पष्ट आहे' अशी सही केलीत की मग छापायला जाणार. म्हणून त्या चौघांशी बोलायचं नाही, त्यांच्यात बसायचं नाही. तुमची खोली पलीकडच्या भागात आहे. एकदम शांत."

"आणि जेवण?"

"खोलीवर येईल. आरामात जेवा."

झुलीखा उठली. सामान उचलून शिपायाच्या मागे पलीकडच्या भागात गेली. तिथे लांबलचक व्हरांडा होता, सहा खोल्या होत्या, आणि त्यातल्या पाच रिकाम्या होत्या.

पहिले बारा दिवस तिने दोन वेळच्या ताटाची वाट पाहत काढले. ताट घेऊन हद्दा यायची. ती औरेसच्या डोंगरातली होती, वयाने झुलीखाएवढीच, कपाळावर गोंदलेली. ऐंशी माणसांचे रांधायचे असल्यामुळे तिला थांबायला वेळ नसे. झुलीखा मीठ मागायची. मिठाची वाटी ताटातच असायची, ते दोघींनाही दिसायचे.

"तुमचं बरं आहे, शेखा," हद्दा दाराला टेकून म्हणायची; तिच्याकडे मास्तरांना शेख म्हणत आणि बाईंना शेखा. "तिकडे चौघांचे चार प्रकार. एकाला तिखट चालत नाही, एकाला कांदा. आणि वाळवंटातले ते शेख मबारेक! माझ्या कुसकुसला नाव ठेवल्याशिवाय घास उतरत नाही त्यांना."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, रवा छान झालाय. म्हणजे रस्सा वाईट झालाय."

झुलीखा हसली. त्या दिवसभरात तेवढेच.

दुसऱ्या शुक्रवारी ती अंगणात फेऱ्या मारत असताना सी अल्लावांनी तिला पाहिले. त्यांना काय वाटले कोण जाणे. "शुक्रवारचं कुसकुस असं कोपऱ्यात बसून खायचं?" ते म्हणाले. "चला आमच्यात. पेपरबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, एवढंच. एका जेवणाने काय होतंय?"

टेबलावर तिला जागा करून दिली. मबारेक समोरच होते. आद्रारकडचे, साठीचे, काटकुळे, हळू बोलणारे. पेपरबद्दल खरोखरच कुणी बोलले नाही. मबारेक आपल्या वडिलांच्या खजुराच्या बागेबद्दल बोलत होते. जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी कसे येते, आणि गावाच्या तोंडाशी दगडी फणीतून ते सगळ्या बागांना कसे वाटले जाते.

"फणी कशी?" झुलीखाने विचारले.

मबारेकांनी काटा उचलला, ताटातल्या रव्याची एक भिंत केली, तिच्यात काट्याचे दात उभे रोवले आणि वरून रस्सा सोडला. "बघा. चार दात, मधल्या तीन वाटा आणि कडेच्या दोन. पाच बागा. वाट जेवढी रुंद, तेवढा हिस्सा. पाणी पाचही जणांना एकदम, रात्रंदिवस. कुणी कुणाची वाट बघायची नाही."

"बघायची कशाला, रस्सा संपला की तुमचा," शेजारचा तरुण शिक्षक म्हणाला. "शेख, माझ्या ताटात पूर आणू नका म्हणजे झालं."

सगळे हसले. झुलीखाही हसली, आणि खूप दिवसांनी तिने दुसऱ्यांदा वाढून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती न बोलावता गेली. कुणी काही म्हटले नाही. मग रोजच जाऊ लागली.

अठ्ठावीस मेच्या सकाळी पेपर मोहोरबंद पाकिटातून तिच्या खोलीवर आला. तिने घड्याळ समोर ठेवले आणि सोडवायला बसली. दुसरा प्रश्न पाण्याचा होता, वीसपैकी सहा गुणांचा. जमिनीखालून येणारे तासाला नऊ घनमीटर पाणी पाच बागांना दोन, तीन, तीन, चार आणि सहा अशा हिश्शांनी मिळते. सर्वांत लहान हिश्शाच्या बागेतले बारा घनमीटरचे टाके भरायला किती वेळ लागेल? पुढच्या सगळ्या पायऱ्या या उत्तरावर उभ्या होत्या. झुलीखाने भराभर सोडवला. अठरा हिश्शांतले दोन, म्हणजे तासाला एक घनमीटर. बारा तास. कुठे अडले नाही, कुठली ओळ दोनदा वाचावी लागली नाही. 'मजकूर स्पष्ट आहे' असे लिहून तिने सही केली. पेपर संध्याकाळी परत द्यायचा होता.

कच्चे कागद क्रमाने लावून ठेवायची तिला सवय. लावताना दुसऱ्या प्रश्नाचा कागद वर आला. त्याच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलने एक चित्र काढले होते: चार दात, पाच वाटा, पाचांतून एकदम वाहणारे पाणी. तिने प्रश्न पुन्हा काढून वाचला. मग बोट ठेवून एकेक शब्द वाचला. पाणी पाचही बागांना एकाच वेळी जाते असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते.

ते तिला काट्याने सांगितले होते.

तिच्या गेल्माकडच्या मळ्यांत पाणी पाळीने मिळते. आपली पाळी आली की सगळा पाट आपल्याकडे. तिकडचे मूल काय करील? बारा भागिले नऊ. एक तास वीस मिनिटे. आणि सहाच्या सहा गुण गेले. ते मूल चुकलेले नसेल, आणि तरी गेले. देशभरात अशी किती मुले, याचा अंदाज करायला ती लागली आणि तिने तो सोडून दिला.

जेवायची वेळ झाली. तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि टेबलावर गेली. मबारेक छापखान्यातल्या माणसाच्या घोरण्याची नक्कल करत होते. ती हसली, भाकरी मोडली, मसूर वाढून घेतले, तरुण शिक्षकाच्या होणाऱ्या बायकोची चौकशी केली. आज बोलले तर उद्यापासून हे टेबल नाही, हे तिला कळत होते. जेवण होईपर्यंत तिने विषय काढला नाही. नंतरचा चहाही तिने पूर्ण घेतला.

मग ती सी अल्लावांच्या खोलीत गेली आणि कागद पुढे ठेवला.

त्यांनी ऐकून घेतले. "तुम्हाला प्रश्न कळला?"

"कळला."

"उत्तर बरोबर आलं?"

"बरोबर आलं."

"मग अडचण काय आहे, उस्तादा?"

"मला तो कळायला नको होता."

सी अल्लावांनी चष्मा काढला. "मी वाचलाय. चौघांनी वाचलाय. कुणाला काही खटकलं नाही."

"आपण सगळे एका टेबलावर जेवतो, सी अल्लावा. शेखनी सगळ्यांना काटा दाखवलाय."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "शनिवारी छपाई आहे. बदल करायचा तर मला वहीत कारण लिहावं लागेल. पेपर सोडवणारी बाई काढणाऱ्यांच्यात बसत होती, असं. आणि तिला बोलावलं कुणी, तेही."

"मी आपणहून येत होते असं लिहा. पहिला दिवस सोडला तर ते खरंच आहे."

"आणि राखीव पेपर अजून सोडवायचाय तुम्हाला. म्हणजे तुम्ही पुन्हा तिकडे. परीक्षा संपेपर्यंत. वीस-एकवीस दिवस होतात."

"एकवीस," झुलीखा म्हणाली. तिने मोजले होते.

सी अल्लावांना खात्री करून घ्यायची होती. त्यांनी मबारेकांना बोलावले आणि हद्दालाही. ती इथे सगळ्यांना जेवू घालत होती, पण त्या टेबलावर कधी बसली नव्हती. हद्दा हात पुसत आली. त्यांनी तिला प्रश्न वाचून दाखवला.

"आकडेमोड मला विचारू नका, सी," हद्दा म्हणाली. "मी पाचवीत शाळा सोडली."

"आकडेमोड नको. काही सांगायचं राहिलंय का, एवढंच सांग."

"आधी पाळी कुणाची, ते कुठे आहे?"

"पाळी कसली?" मबारेक म्हणाले.

"पाण्याची. माझ्या भावाची मंगळवारी पहाटे असते. तेव्हा सगळं पाणी त्याचं. दुसऱ्याने थेंब घेतला तर फावडी निघतात."

"पाळी नसतेच. पाणी सगळ्यांना एकदम जातं."

"कुठे जातं असं एकदम?"

"आमच्याकडे. सगळ्यांना माहीत आहे."

"मग तसं लिहा की, शेख. तुमच्याकडे काय होतं ते मला काय स्वप्नात दिसणार?"

सी अल्लावांनी खोकल्याचे निमित्त केले. मबारेक हसले नाहीत. त्यांनी पेपर ओढून घेतला आणि पुन्हा पुन्हा वाचला. शेवटी पेन उचलून एक वाक्य वाढवले: पाणी पाचही बागांना एकाच वेळी, अखंड, हिश्शांच्या प्रमाणात वाहते. मग टोपण लावले.

"प्रश्न वडिलांच्या बागेवर घातला होता," ते कुणाकडेही न पाहता म्हणाले. "आता कोरडीच आहे ती." आणि जाताना झुलीखाला म्हणाले, "जेवताना सांगायचं होतंत. सी अल्लावांसमोर स्वयंपाकिणीकडून कशाला?"

"जेवताना मी जेवत होते, शेख," झुलीखा म्हणाली. याहून खरे उत्तर तिच्याजवळ नव्हते, पण त्यांना ते उर्मट वाटले असावे.

त्या संध्याकाळपासून तिचे ताट पुन्हा खोलीवर येऊ लागले. दोन भागांमधल्या दाराला आता कडी लावत. शुक्रवारी तिकडून हसण्याचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. राखीव पेपर आला, तो तिने सोडवला. दोन ठिकाणी अडली, तसे लिहून दिले. ते काम संपल्यावर काही काम नव्हते. ती सकाळी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत पावले मोजत चालायची. हद्दाकडे मीठ मागणे तिने बंद केले होते, तरी हद्दा आपणहून दोन मिनिटे थांबायची.

सोळा जूनला गणिताचा पेपर झाला. त्या दिवशी तिच्या भागातला टीव्ही लावायला परवानगी मिळाली. दुपारच्या बातम्यांत ठिकठिकाणच्या शाळांच्या फाटकाबाहेरची मुले दाखवत होते. एक मुलगी रडत होती, चौथ्या प्रश्नाने तिचा घात केला होता. एक मुलगा म्हणाला, वेळ पुरला नाही. बातमीदाराने विचारले, प्रश्न नीट कळले का? कळले, तो म्हणाला, पण येत नव्हते. औरेसमधल्या एका गावचीही मुले होती. तीही चौथ्याबद्दलच बोलली. पाण्याच्या प्रश्नाबद्दल कुणी काही बोलले नाही. पुढच्या बातम्याही तिने पाहिल्या. त्यातही नाही.

झुलीखा टीव्हीकडे तोंड करून बसली होती. त्यावर कुणीच अडले नव्हते, हे कुणाला तरी सांगावे असे तिला फार वाटले. ती उठून मधल्या दारापर्यंत गेली. पलीकडे तीच वाहिनी लागली होती. कडी पलीकडून होती. ती परत येऊन बसली.

हद्दा ताट घेऊन आली. ते ठेवून म्हणाली, "शेख मबारेक विचारत होते, तुमच्या भागात टीव्ही लावलाय का."

"लावलाय म्हणून सांग."

"आणखी काही सांगू?"

झुलीखाने विचार केला. "पाण्याचं कुणी काही बोललं नाही, असं सांग."

"ते त्यांनाही दिसतंय की. तिकडेही तोच टीव्ही आहे."

"तरी सांग," झुलीखा म्हणाली.