पाहुण्यांसाठी रंगवलेली चावडी

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या गावच्या चावडीत तुळईपाशी मुठीएवढा चुना सुटला आणि माझ्या चिमीच्या डब्याशेजारी पडला. बालवाडी तिथंच भरते. त्यानंतर आठवड्याभरात मी चावडी दुरुस्ती समितीत आले, आणि किस्से इतके साचलेत की भाकरी थापताना एकटीच हसते!

समितीत एक बाई हवीच होती. अध्यक्ष तात्या म्हणाले, "हिलाच घ्या. रोज माझ्या दारात वरडती, आता मीटिंगमधी वरडंल!"

*

जुन्या इमारतींना अनुदान देणाऱ्या संस्थेचं ऑफिस नारायण पेठेत. लोणी काळभोरहून बस धरून अर्ज घेऊन गेले. तिथल्या एका कारकुनानं चष्म्यावरून बघितलं.

"शिक्षण?"

"सातवी."

"मग अर्ज कोणी लिहिला?"

"मीच. चूक सापडली का?"

"नाही सापडली. म्हणूनच विचारलं."

मी म्हटलं, पोरं त्या छताखाली बसतात, जरा लवकर बघा.

"इमारत दीडशे वर्षं उभी आहे ना? मग माझं जेवण होईपर्यंत थांबेल!"

*

संस्थेच्या मॅडम पाहणीला येणार, असा एसटीडी बूथवर फोन आला. तात्यांनी दोन दिवसांत अख्ख्या दगडी चावडीला गुलाबी ऑईलपेंट मारून घेतला!

मॅडम जीपमधून उतरल्या. "जुनी चावडी कुठे आहे?"

"ही काय!"

मॅडम मटकन ओट्यावर बसल्या. साडीलाही गुलाबी रंग लागला. "अहो, जुनी आहे म्हणूनच तर अनुदान मिळतं!"

"पावणं येनार म्हनून रंगवली," तात्या म्हणाले. "आठ दिवस द्या, परत जुनी करतो!"

आठ दिवस आम्ही बायका तारेचे ब्रश घेऊन रंग खरवडत होतो.

*

मॅडमनी बजावलं, सिमेंट चालणार नाही. चुनाच हवा, गूळ घालून पंधरा दिवस भिजवलेला.

तात्यांनी रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. "तिथं कॉम्प्युटर कंपनीचा अख्खा मजला पंधरा दिवसांत चढतोय!"

"चढू दे," मॅडम म्हणाल्या. "शंभर वर्षांनी दोन्ही बघायला या."

"येतो की! अनुदान तवर मिळंल न्हवं?"

*

शेवटी संस्थेचे इंजिनिअर आले. त्यांनी दारातूनच वर बघितलं आणि कागदावर लिहिलं, 'तुळई ठीक. फक्त भिंती दुरुस्त कराव्यात.'

मी म्हटलं, "साहेब, ठीक आहे ना? मग बालवाडी सुटेपर्यंत बसा की खाली."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? बसले सतरंजीवर, चिमीच्या शेजारी. खिचडीही खाल्ली. तेवढ्यात वरून माती सांडली, थेट त्यांच्या कागदावर. साहेब दचकून वर बघायला लागले.

चिमीनं त्यांची बाही ओढली. "सर, वर नाही बघायचं. डोळ्यात जातं. नुसतं बाजूला सरकायचं."

साहेबांनी कागद झटकला, 'ठीक' खोडलं आणि वर लिहिलं, 'आधी तुळई. मग भिंती.'

तर तुमच्या ओळखीत कुणाच्या गावात जुनी चावडी, जुनी शाळा असेल, तर एवढा निरोप द्या. पाहुणे येणार म्हणून रंगवू नका. आणि तपासणीला साहेब आले की खुर्ची देऊ नका, पोरांच्या रांगेत बसवा!