पसरणीचा उतार आणि ब्रेकची लायनिंग

एकाहत्तरचं युद्ध संपल्यावर वर्षभरात मी फौजेतून घरी आलो. सोळा वर्षं ट्रक चालवले होते, तेही बहुतेक राजस्थानच्या सपाटीवर. ऊस थोरल्या भावाने बघायचा आणि मी टॅक्सी चालवायची असं घरात ठरलं. जुनी अँबॅसिडर घेतली आणि सातारा ते महाबळेश्वर फेऱ्या सुरू केल्या.

टॅक्सी स्टँडच्या मागे एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. सांगलीकडचे जैन गृहस्थ, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. ते आणि त्यांच्या पत्नी (त्यांना सगळे बाईच म्हणायचे) मागच्याच खोलीत राहायचे. बोलणं कमी, पण स्टँडवरच्या निम्म्या गाड्या त्यांच्या हाताखालून जायच्या. मला ते हवालदार म्हणायचे. पहिल्यांदा ब्रेकची लायनिंग, म्हणजे चाकातल्या ड्रमवर घासणारी पट्टी, घातली तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, "सपाटीला ही दीड वर्ष बी चालंल. रोजच्या घाटाला सहा म्हयनं. त्याच्या आत गेली तर मला सांगा."

पुढे पेट्रोल एकदम महागलं. तेव्हा स्टँडवर एक युक्ती निघाली. पाचगणी सोडली, की पसरणी घाटाच्या उताराला गिअर काढून गाडी न्यूट्रल करायची, इंजिन बंद करायचं आणि ब्रेकवर पाय ठेवून वाईपर्यंत घरंगळत यायचं. सगळेच करत नव्हते. मी करायचो. फौजेत कोणी असं करताना सापडला असता, तर त्याचं काय झालं असतं हे मला चांगलं माहीत होतं, म्हणून मी कोणाला सांगितलं नाही.

लायनिंग दोन महिन्यांत संपली. मिस्त्रींनी नवी घातली. तीही दोन महिन्यांत गेली. चाक उतरवून त्यांनी आतल्या ड्रमवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "हवालदार, घाट उतरताना गाडी न्यूट्रल करता का?"

बाजूला चहा पीत चार-पाच ड्रायव्हर उभे होते. मी म्हणालो, "न्हाई. सोळा वर्षं गाडी चालवलीया मी."

"बरं," म्हणाले आणि कामाला लागले.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण कोणीतरी म्हणालं, "मग लायनिंग एवढी लवकर जाती कशी?" आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "माल हलका असंल. नवा म्हणून जुनाच घालत असतील."  मिस्त्री पाना फिरवत राहिले.

हे बोलणं स्टँडभर झालं. ब्रेकचा विषय, जिवाशी गाठ. एकेक गाडी दुसरीकडे जाऊ लागली. मीही गेलो. दिवाळीनंतर एकदा बघितलं तर शेडला कुलूप होतं. मिस्त्री बिऱ्हाड घेऊन सांगलीला परत गेले, असं स्टँडवर कळलं. आपलं चुकलं असं मला थोडं वाटलं, पण थोडंच.

त्याच हिवाळ्यात एक म्हातारं जोडपं घेऊन मी पसरणी घाट उतरत होतो. इंजिन बंद. निम्म्या घाटात जळका वास आला आणि पुढच्या वळणाला पेडल तळाला टेकलं. ब्रेक नाहीत. मी गाडी तशीच गिअरमध्ये ढकलली. गिअरबॉक्स किंचाळला. वेग जरा मोडला, तशी डोंगराच्या बाजूच्या चरात चाकं घातली. पत्रा घासत गाडी थांबली. मागून आजोबांनी शांतपणे विचारलं, "आलं का वाई?" त्यांना काहीच कळलं नव्हतं. 

त्या दिवसापासून मी घाट गिअरवर उतरू लागलो, म्हणजे इंजिनच गाडी अडवतं आणि ब्रेकवर भार येत नाही. पुढची लायनिंग दुसऱ्या मिस्त्रीने घातली होती, माल तोच. ती सहा महिने पुरून उरली. मग मात्र मला झोप लागेना.

पत्ता काढत सांगलीला गेलो. मिस्त्री नदीकाठच्या एका दुकानात शेतीच्या पाण्याची इंजिनं दुरुस्त करत होते, दुसऱ्याच्या हाताखाली. मला बघून उठले, हात पुसले.

"आवं मिस्त्री, मी खोटं बोललो हुतो," मी म्हणालो. "न्यूट्रल करत हुतो."

"तवाच कळलं हुतं. तापून तापून ड्रम निळा पडला हुता."

"मग बोलला का न्हाई?"

"चार माणसांत तुमी न्हाई म्हणाला. त्याच्यावर मी काय बोलायचं?"

मी साताऱ्याला परत चला म्हणालो. ते म्हणाले, "हितं बरं हाय आता. बाईंची तब्येत बी उतरलीया." दिवस मावळायच्या आत ते जेवतात म्हणून मला लगेच घरी नेलं. बाईंनी भाकरी वाढली. कशासाठी आलोय हे मिस्त्रींनी त्यांना सांगितलंच नाही. 'साताऱ्याचे गिऱ्हाईक' एवढंच म्हणाले. त्या विचारत होत्या, तिकडं थंडी फार असेल ना.

परत येताना ठरवलं होतं, की स्टँडवर सगळं सांगायचं. सांगितलंही, पण अर्धंच. मिस्त्रींचा माल चांगला होता, माझी समजण्यात चूक झाली, असं म्हणालो. न्यूट्रलचं तोंडातून निघालं नाही. ऐकणाऱ्यांनी मान हलवली आणि गिऱ्हाईक आलं तसे उठून गेले. नंतर सांगलीला पुष्कळदा भाडं घेऊन गेलो. त्या दुकानाच्या गल्लीत मात्र गाडी वळवली नाही.