हातात सायकल

मामांकडे सायकल होती आणि मामा चालत जायचे. बाहेरगावचा माणूस हे बघून चक्रावायचा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मात्र कुणाला त्याचं काही वाटत नसे. सकाळी लेंगा, सदरा आणि पांढरी टोपी घातलेला एक उंच, काटकुळा माणूस काळी बावीस इंची सायकल हातात धरून निघायचा. हँडलला दोन्हीकडे पुस्तकांच्या पिशव्या, कॅरियरवर मासिकांचा गठ्ठा, सीट रिकामी. कोपऱ्यावरचा पानवाला न चुकता विचारायचा, "मामा, म्हस रंकाळ्यावर धुवायला निघाली व्हय?" मामा घंटी वाजवून पुढं जायचे.

आमच्या वाचनालयाची पुस्तकं सभासदांच्या घरी पोचवायची आणि वाचलेली परत आणायची, हे मामांचं काम; नात्यानं ते माझे कुणी नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मी ब्याण्णव साली तिथं काउंटरवर लागले तेव्हा ते सायकलवर बसत असत. नुसते बसत नसत, मिरवत. पाठ ताठ, मान वर, पायडल मारताना गुडघे जराही बाहेर नाहीत. टेंबलाईच्या टेकडीचा उतार लागला की ब्रेकवरची बोटं काढून घ्यायचे, असं सभासद बायका मला येऊन सांगायच्या. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "उतार देवानं दिलाय, ब्रेक माणसानं. देवाचं आधी वापरावं." असलं तत्त्वज्ञान ऐकून मी पुन्हा रजिस्टर उघडलं.

दोन वर्षांनी व्हायचं तेच झालं. त्याच उतारावर कुत्रं आडवं आलं आणि मामा पुस्तकांसकट गटारात गेले. गळ्याजवळचं हाड मोडलं, डोक्याला टाके पडले, दिवसभर शुद्ध नव्हती. सायकलच्या मडगार्डला एक पोचा आला, एवढंच. शुद्धीवर आल्यावर मामांनी पहिली चौकशी सायकलची केली. समोर मामी बसल्या होत्या. दिवसभर पाण्याचा घोट न घेता बसलेल्या बाईसमोर नवऱ्यानं "सायकल कुठं हाय?" असं विचारायचं म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक.

मामी निपाणीकडच्या. अंगानं लहानखुऱ्या, पण तोंड उघडलं की मराठीत कानडी मिसळून समोरच्याला गार करायच्या. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. मामांना घरी आणल्यावर त्यांनी अंबाबाईच्या तसबिरीपुढं बसवलं, त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि वदवून घेतलं, "परत सायकलवर बसलो, तर तुझं मेलेलं तोंड बघीन." मामींना वाटलं, ही सवत आता घरातून गेली. दीड महिन्यानं मामा कामावर निघाले ते सायकल घेऊनच. मामी दारात आडव्या आल्या. ब्याड म्हणजे ब्याड, नको म्हणजे नको. मामा शांतपणे म्हणाले, "बसणार न्हाय म्हटलंय. नेणार न्हाय असं कुठं म्हटलंय?" मामींनी कपाळावर हात मारून घेतला आणि वाट सोडली. त्या दिवसापासून मामा चालायला लागले.

ज्या सायकलवर कुणी बसत नाही ती इतकी राखलेली मी दुसरी पाहिली नाही. दर सोमवारी दोन्ही चाकांत हवा. शेजारच्या शिंप्याकडून मशीनचं तेल मागून आणायचं आणि चेनीला थेंब थेंब सोडायचं. पाऊस आला की सीटवर प्लॅस्टिकची पिशवी, आणि हे स्वतः भिजणार. खंडेनवमीला झेंडूचा हार. बसायचंच नाही तर हवा कशाला भरता, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी मलाच खुळ्यात काढलं. म्हणाले, "हवा नसली की तिला ढकलावं लागतंय. हवा असली की ती संगं येती." आमचे कार्यवाह एकदा जवळच जायचं म्हणून सायकल मागायला आले. मामांनी त्यांना तोंडावर सांगितलं की चला, मी ती घेऊन तुमच्याबरोबर चालत येतो. कार्यवाह पाय आपटत एकटेच गेले.

चालण्यानं कामाला दुप्पट वेळ लागायचा. साप्ताहिकं शिळी होऊन येतात अशा तक्रारी यायला लागल्या, तेव्हा मामा तासभर लवकर निघायला लागले. पण सायकलवर बसले नाहीत. मला या सगळ्याचा राग यायचा. शपथेनं माणूस मरतो यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. एकदा एप्रिलच्या उन्हात ते राजारामपुरीतून परत आले तेव्हा सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. मी पाणी दिलं आणि न राहवून म्हटलं की मामा, तिकडच्या मोकळ्या रस्त्यावर तरी बसत जा. मामींना कोण सांगायला जातंय? त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तिला न्हाय कळणार, ताई. पण हात तिच्या डोक्यावर ठेवलाय. त्या डोक्याला कळंल की." मग टोपीनं तोंड पुसलं आणि परत आलेली पुस्तकं माझ्यापुढं मांडायला लागले.

सत्त्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. भर दुपारी वाचनालयात फोन आला. मामांच्या शेजारीणबाई बोलत होत्या: मामी स्वयंपाकघरात पडल्यात, हाक मारली तर ओ देत नाहीत. मी निरोप सांगितला. मामा उठले, बाहेर गेले, सायकलचं स्टँड काढलं आणि ती हातात धरून पळत सुटले. मी दारात येऊन ओरडले, "मामा, बसा! आज तरी बसा!" त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. साठीला आलेला माणूस, एक हात हँडलवर, एक सीटवर, टोपी कुठल्या कुठं पडलेली, आणि बाजूनं सायकल खडखडत धावतेय. आमच्या दारासमोर रिक्षा स्टँड होता. तीन रिक्षा उभ्या होत्या. सायकल इथं टाकून रिक्षात बसावं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि सांगायला लाज वाटते, माझ्याही आलं नाही. मी आपली "बसा, बसा" ओरडत राहिले.

ते घरी पोचले तोवर शेजाऱ्यांनी मामींना दवाखान्यात हलवलं होतं. तिथंही मामा पळतच गेले, सायकलीसह. मामींची साखर एकदम उतरली होती. संध्याकाळपर्यंत त्या उठून बसल्या. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा नवऱ्याची खरडपट्टी चालू होती. समोर रिक्षा असताना पळत येणारा माणूस त्यांनी सगळ्या निपाणीत बघितला नव्हता. मामा पायाला तेल चोळत ऐकून घेत होते. मीही मामींची री ओढली. म्हटलं, निदान सायकलवर बसला असता तर दहा मिनिटं आधी पोचला असता. मामांनी माझ्याकडं बघितलं ते अगदी कीव आल्यासारखं. "बसलो असतो तर गेली असती. न्हाय बसलो, तर हाय की हितं. शिव्या घालतीया की." पदर तोंडाला लावून मामी भिंतीकडं वळल्या. हसल्या की रडल्या ते मला दिसलं नाही.

नव्व्याण्णवला लग्न होऊन मी आजऱ्याला गेले. वाचनालयातल्या शेवटच्या दिवशी मामा मला एसटी स्टँडपर्यंत पोचवायला आले. माझी बॅग त्यांनी कॅरियरवर न ठेवता सीटवर ठेवली आणि एका हातानं धरली. पाच वर्षांत त्या सीटवर बसलेली ती पहिली वस्तू. मी चेष्टेनं म्हटलं, मामा, हे चालतं का? "बॅगेला शपथ न्हाय," ते म्हणाले. मामींनी वाटेत खायला धपाटी बांधून दिली होती. गाडी हलली तेव्हा फलाटावर माणसांच्या घोळक्यात एक उंच माणूस आणि एक सायकल शेजारीशेजारी उभी होती. पत्र लिहीन असं मी म्हणाले होते. लिहिलं नाही. संसाराची सबब सगळेच सांगतात, मीही सांगितली.

सहा वर्षांनी एका लग्नासाठी कोल्हापूरला आले होते. बिंदू चौकाजवळ रस्ता ओलांडायला थांबले, तर समोरून मामा येताना दिसले. पाठ ताठ, मान वर, गुडघे जराही बाहेर नाहीत. सायकलवर बसून. इतकी वर्षं मी ज्यासाठी त्यांच्याशी भांडले ते डोळ्यांसमोर घडत होतं. मी आनंदानं हात वर केला, हाक मारायला तोंड उघडलं, आणि हात तसाच राहिला. मामा बसलेत, म्हणजे मामी नाहीत. शपथेवर विश्वास नसलेल्या मला हे कुणी सांगावं लागलं नाही.

त्यांनी मला ओळखलं. ब्रेक दाबून उतरले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "श्रावणात गेली. झोपेतच." मग सीटवर हात ठेवून म्हणाले, "मी बसलो नव्हतो हां, ताई. ती गेल्यावरच बसलो." जसं काही मी त्यांच्यावर आळ घेणार होते. तीस पुस्तकांचं ओझं घेऊन अकरा वर्षं चाललेल्या माणसाला अजून साक्षीदार हवा होता.

आम्ही मंगळवार पेठेच्या दिशेनं चालायला लागलो, मध्ये सायकल. चाकं कुरकुरत नव्हती, हवा भरलेली होती. लग्नघराचा बोळ आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मी म्हटलं, मामा, आता बसून जा, उशीर झाला. त्यांनी मान हलवली आणि हँडल हातात नीट धरलं.

"नको, चालतच जातो. बसलो की घर लई लवकर येतंय."